स्त्रीवादी मानसशास्त्र, मानसिक आघात आणि बदलत्या समाजातील स्वओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसशास्त्राचे विद्यार्थी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि या विषयाकडे कुतूहलाने पाहणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांच्या मुळाशी जुने आणि अजूनही न मिटलेले वाद आहेत.

स्त्रीवादी मानसशास्त्र म्हणजे नेमके काय? ‘स्त्रियांचे मानसशास्त्र’ आणि हे एकच का?

एकच नाही. स्त्रियांचे मानसशास्त्र हा एक अभ्यासविषय आहे, तर स्त्रीवादी मानसशास्त्र ही कोणताही विषय अभ्यासण्याची दृष्टी आहे. माणसाचे मन ज्या सत्तासंबंधांत घडते, ते सत्तासंबंध बाजूला ठेवून मनाचे वर्णन पुरे होत नाही, हा या दृष्टीचा पाया आहे. त्यामुळे एखादी स्त्री सतत धास्तावलेली का असते, असे विचारताना हा अभ्यास तिच्या स्वभावाबरोबरच तिचे घर, तिचे काम, तिच्यावर ज्यांचा अधिकार चालतो ती माणसे आणि तिने तक्रार केली तर पुढे काय घडते, याचाही शोध घेतो. पुरुषांच्या मनाचाही असा अभ्यास होऊ शकतो आणि होतो.

संस्थात्मक पातळीवर या प्रवाहाला १९६० च्या दशकाच्या शेवटी आकार आला. अमेरिकेत १९६९ मध्ये मानसशास्त्रातील स्त्रियांची स्वतंत्र संघटना उभी राहिली, १९७३ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग झाला आणि १९९१ मध्ये ‘फेमिनिझम अँड सायकॉलॉजी’ हे नियतकालिक सुरू झाले.

विज्ञान तर सर्वांसाठी सारखे असते. मग अशा वेगळ्या दृष्टीची गरज का पडली?

कारण प्रत्यक्षात ते सारखे नव्हते, आणि हे मोजमाप करूनच दाखवले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मासिक पाळीच्या काळात स्त्रीची बौद्धिक आणि शारीरिक क्षमता घटते, ही समजूत वैद्यकीय ग्रंथांतही निर्विवाद मानली जात असे आणि स्त्रियांना जबाबदारीची कामे नाकारण्यासाठी तिचा आधार घेतला जाई. लेटा हॉलिंगवर्थ यांनी १९१४ च्या आपल्या प्रबंधासाठी अगदी साधी गोष्ट केली : स्त्रियांच्या हाताचा वेग, स्थिरता आणि बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी त्या दिवसेंदिवस नोंदवत राहिल्या आणि तुलनेसाठी पुरुषांच्याही तशाच नोंदी घेतल्या. पाळीच्या दिवसांत कामगिरी घसरते, असे त्या आकड्यांत कुठेही दिसले नाही. इतक्या जुन्या आणि इतक्या परिणामकारक समजुतीची तपासणी तोवर जवळजवळ कोणालाच करावीशी वाटली नव्हती, ही गोष्ट मला निष्कर्षाइतकीच महत्त्वाची वाटते.

दुसरे उदाहरण उपचार करणाऱ्यांच्या मनातल्या मोजपट्टीचे आहे. १९७० मध्ये इंगे ब्रोव्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७९ मानसोपचार व्यावसायिकांना स्वभावगुणांची एक लांबलचक यादी दिली. काहींना ‘निरोगी प्रौढ पुरुषा’चे, काहींना ‘निरोगी प्रौढ स्त्री’चे आणि काहींना लिंगाचा उल्लेख न करता फक्त ‘निरोगी प्रौढ व्यक्ती’चे वर्णन करायला सांगितले. निरोगी पुरुष आणि निरोगी प्रौढ व्यक्ती यांची वर्णने जवळपास जुळली. निरोगी स्त्री मात्र अधिक आज्ञाधारक, कमी स्वावलंबी, चटकन प्रभावाखाली येणारी, लहानसहान संकटांनी विचलित होणारी अशी रंगवली गेली. स्त्रीने ‘स्त्री’ म्हणून निरोगी असावे तर प्रौढ म्हणून ती उणी ठरते, आणि प्रौढाप्रमाणे वागावे तर तिच्या स्त्रीत्वातच बिघाड दिसतो, असा हा पेच होता. उत्तरे देणाऱ्यांमध्ये स्त्रियाही होत्या, हे विसरता कामा नये.

या दोहोंच्या मधल्या काळात, १९६८ मध्ये, नेओमी वाइस्टाइन यांनी आपल्या गाजलेल्या निबंधात थेट म्हटले होते की, स्त्रिया खरोखर कशा असतात हे मानसशास्त्राला ठाऊकच नाही, कारण माणूस ज्या सामाजिक परिस्थितीत वागतो तिच्याकडे ते पाहतच नाही.

स्त्री आणि पुरुष यांच्या मनांत मूलभूत फरक असतात, असे स्त्रीवादी मानसशास्त्र मानते का?

या प्रश्नावर या क्षेत्रातच मतभेद आहेत. कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये असे मांडले की, नैतिक विकासाचा लॉरेन्स कोलबर्ग यांचा सिद्धान्त मुलग्यांच्या अभ्यासावर उभा आहे आणि त्यामुळे नातेसंबंध व काळजी यांच्या अंगाने होणारा नैतिक विचार त्यात खालच्या पायरीवर ढकलला जातो. ही टीका रास्त होती. मात्र तिच्यावरून ‘स्त्रिया काळजीने विचार करतात, पुरुष न्यायाने’ असा जो सरधोपट अर्थ पसरला, त्याला पुढील आकडेवारीने फारसा आधार दिला नाही. २००० साली झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात हा फरक लहानच आढळला. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ मेटा-अ‍ॅनालिसिसचा (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणाऱ्या विश्लेषणांचा) आढावा घेतला, तेव्हा मानसिक गुणांमधील स्त्री-पुरुष फरकांपैकी ७८ टक्के फरक शून्याच्या जवळ किंवा अल्प निघाले. स्त्रीला गौरवाने वेगळे ठरवणाऱ्या सिद्धान्तांविषयीही सावध राहायला हवे, असे माझे मत आहे. गौरवाच्या चौकटीतून बाहेर पडणेही अवघडच असते.

‘मानसिक आघात’ या संकल्पनेशी स्त्रीवादाचा संबंध कसा आला?

हा संबंध समजण्यासाठी आघाताची अधिकृत व्याख्या कोणाकडे पाहून ठरली, ते पाहावे लागते. आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९८० मध्ये आले आणि त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या चळवळीचा मोठा रेटा होता. त्याच्या काही वर्षे आधी बॉस्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात अ‍ॅन बर्जेस या परिचर्यातज्ज्ञ आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ एक वेगळे काम करत होत्या. बलात्कारानंतर कोणी आपत्कालीन विभागात आले की त्यांना फोन जाई, रात्री-अपरात्रीही त्या तिथे पोहोचत आणि नंतरही त्या व्यक्तीच्या संपर्कात राहत. अशा ९२ प्रौढ स्त्रियांच्या नोंदींवरून त्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, झोप उडणे, साध्या आवाजाने दचकणे आणि ठरावीक जागा टाळणे ही लक्षणे या स्त्रियांतही एका क्रमाने दिसतात. रणांगणावरून आलेला माणूस आणि घरातून किंवा रस्त्यावरून आलेली स्त्री यांच्या वेदनेची ठेवण एकमेकींशी जुळत होती.

तरीही १९८० च्या व्याख्येत एक अट होती : आघाताची घटना ‘नेहमीच्या मानवी अनुभवाच्या बाहेरची’ असली पाहिजे. लॉरा ब्राउन यांनी १९९१ मध्ये या अटीवर नेमके बोट ठेवले. घरातला छळ किंवा बालपणीचे लैंगिक शोषण हे असंख्य मुलींच्या आणि स्त्रियांच्या आयुष्यात नेहमीचेच असेल, तर या व्याख्येप्रमाणे तो आघातच ठरत नाही; मग ‘नेहमीचा मानवी अनुभव’ म्हणजे कोणाचा अनुभव, असा त्यांचा प्रश्न होता. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ती अट उरली नाही.

पुढचा टप्पा मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांचा. एकाच भीषण घटनेवर बेतलेले निदान वर्षानुवर्षे चाललेल्या, सुटका नसलेल्या अत्याचाराचे परिणाम नीट टिपू शकत नाही, असे त्यांनी १९९२ मध्ये मांडले. ज्याच्या हाती आपले जेवण-झोप, हिंडणे-फिरणे आणि नाती असतात, अशा माणसाच्या ताब्यात दीर्घकाळ राहिल्यावर स्वतःविषयीची जाणीवच बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणाने, जे २०२२ पासून लागू झाले, ‘गुंतागुंतीचा आघातोत्तर ताणविकार’ हे स्वतंत्र निदान स्वीकारले. नेहमीच्या लक्षणांबरोबर भावनांवरचा ताबा सुटणे, स्वतःला हीन मानणे आणि नाती टिकवताना येणारी अडचण यांची त्यात नोंद आहे. डीएसएमने मात्र हे निदान वेगळे मानलेले नाही. निदानाच्या शब्दांवरचा हा वाद कोरडा वाटतो, पण अशाच इतिहासाच्या अनेक स्त्रियांना दवाखान्यांत आधी ‘व्यक्तिमत्त्वविकार’ असे निदान मिळत आले आहे. कोणते निदान मिळते त्यावर, ‘हिच्यात काय बिघडले आहे’ असे विचारले जाणार की ‘हिच्यावर काय गुदरले आहे’ असे, हे ठरत असते.

स्त्रियांमध्ये पीटीएसडीचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट असते, असे वाचले. याचा अर्थ स्त्रिया मनाने अधिक नाजूक असतात का?

दुप्पट हा आकडा बऱ्याच अभ्यासांत आलेला आहे. रोनाल्ड केसलर यांच्या १९९५ च्या अमेरिकन पाहणीत आयुष्यात कधी ना कधी हा विकार झालेल्या स्त्रियांचे प्रमाण १०.४ टक्के, तर पुरुषांचे ५ टक्के होते. याच पाहणीत आघाताची एखादी तरी घटना अनुभवलेले पुरुष स्त्रियांपेक्षा जास्त होते. वरवर पाहता नाजूकपणाचा निष्कर्ष पक्का वाटू लागतो.

परंतु त्याच पाहणीचे पुढचे कोष्टक वाचले की चित्र बदलते. ज्यांनी बलात्कार हा आपला सर्वांत क्लेशकारक अनुभव म्हणून सांगितला, त्यांच्यात हा विकार सुमारे ४६ टक्के स्त्रियांना झाला होता आणि पुरुषांना ६५ टक्के. म्हणजे ज्या घटनेने माणूस सर्वाधिक मोडतो, तिने पुरुषही मोडतो. फरक हा की ती घटना स्त्रियांच्या वाट्याला कितीतरी अधिक प्रमाणात येते. पुरुषांनी अनुभवलेल्या घटनांत अपघात, मारहाण आणि हिंसाचार प्रत्यक्ष पाहणे यांचा वाटा मोठा होता.

सगळा फरक एवढ्याने सुटतो, असे मात्र म्हणता येत नाही. डेव्हिड टोलिन आणि एडना फोआ यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा घटनेचा प्रकार सारखा असतानाही स्त्रियांतील प्रमाण बऱ्याचदा जास्तच आढळले. घटना कितव्या वर्षी घडली, किती वेळा घडली, करणारा परका होता की घरचा, आणि त्रास बोलून दाखवण्याची मुभा कोणाला किती असते, हे घटक ‘घटनेचा प्रकार’ या एका रकान्यात मावत नाहीत. नाजूकपणाचा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे सारे मोजायला हवे.

हिंसा करणारा जवळचाच असेल तर मनावर होणारा परिणाम वेगळा असतो का?

होय. जेनिफर फ्रीड यांनी १९९० च्या दशकात विश्वासघाताच्या आघाताचा सिद्धान्त मांडला. ज्याच्यावर आपले जगणे अवलंबून आहे त्यानेच घात केला, तर ते स्पष्टपणे ओळखणे हेच धोक्याचे ठरते, कारण ओळखले तर दूर जावे लागेल आणि दूर जाण्याची सोय नसते. मुलाच्या बाबतीत हे लगेच पटते. आर्थिकदृष्ट्या परावलंबी प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत पटायला लोकांना वेळ लागतो. पुढे फ्रीड आणि कार्ली स्मिथ यांनी हीच कल्पना संस्थांना लावून पाहिली : ज्या संस्थेवर भरवसा ठेवून तक्रार केली तिनेच पाठ फिरवली, तर मूळ आघाताचे परिणाम अधिक तीव्र होतात, असे त्यांना आढळले.

अनेक स्त्रिया आपल्यावर झालेल्या गोष्टीला ‘हिंसा’ म्हणतच नाहीत. अशा वेळी संशोधक मोजणार काय?

संशोधक नाव विचारत नाहीत, कृती विचारतात. मेरी कॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन महाविद्यालयांच्या पाहणीत ‘तुमच्यावर बलात्कार झाला का’ असे विचारण्याऐवजी काय घडले, संमती होती का, बळजबरी कशी झाली, याचे सुटे प्रश्न होते. ज्यांचे अनुभव कायद्याच्या व्याख्येत स्पष्टपणे बसत होते, त्यांच्यातील बहुसंख्य स्त्रिया स्वतः त्याला बलात्कार म्हणत नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १० देशांतील पाहणीतही, ज्यात सुमारे २४ हजार स्त्रियांच्या मुलाखती झाल्या, थप्पड मारली का, ढकलले का, गळा दाबला का, असेच प्रश्न होते. जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा कधीतरी झाल्याचे प्रमाण ठिकाणानुसार १५ टक्क्यांपासून ७१ टक्क्यांपर्यंत होते. जैविक फरक देशागणिक इतके बदलत नाहीत. बदलतात ते कायदे, रीती, उत्पन्नावरचा हक्क आणि शेजाऱ्यांची हस्तक्षेप करण्याची तयारी. अनेक स्त्रियांनी मुलाखत घेणाऱ्या त्या परक्या बाईला जे सांगितले, ते त्याआधी कोणालाच सांगितले नव्हते.

आघातातून सावरण्यात ऐकणाऱ्याचा वाटा खरोखर किती असतो?

माझ्या दृष्टीने या सगळ्या संशोधनाचा कणा याच प्रश्नात आहे. ख्रिस ब्रूइन आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रौढांमधील पीटीएसडीच्या जोखमीच्या घटकांचा एकत्रित अभ्यास केला. आधीचे मानसिक आजार, शिक्षण, वय यांच्यापेक्षा घटनेनंतर आधार न मिळणे या घटकाचा संबंध अधिक ठळक होता. सारा उलमन यांनी लैंगिक अत्याचाराविषयी सांगितल्यानंतर मिळणाऱ्या प्रतिक्रियांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. दोष देणे, शंका घेणे, विषय बदलणे किंवा निर्णय परस्पर आपल्या हाती घेणे अशा प्रतिक्रिया मिळालेल्या स्त्रियांत लक्षणे अधिक आढळतात.

यातली शेवटची प्रतिक्रिया ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘तू काही करू नकोस, आम्ही बघतो’ हे वाक्य मायेपोटी उच्चारले जाते, पण जिच्या इच्छेला एकदा पायदळी तुडवले गेले आहे तिच्या बाबतीत पुन्हा एकदा दुसऱ्याचीच इच्छा चालते. म्हणून हर्मन यांच्यापासून पुढे बहुतेक स्त्रीवादी उपचारपद्धतींत निर्णयाचा ताबा त्या व्यक्तीकडे परत देणे हे पहिले सूत्र मानले जाते.

मग घडलेले सगळे लवकरात लवकर बोलून टाकणे चांगले का?

नाही. दुर्घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलायला लावण्याची पद्धत एके काळी जगभर वापरली जात होती. तिने पीटीएसडी टळत नाही, काही वेळा त्रास वाढतोही, असे चाचण्यांतून दिसले आणि आता तशी शिफारस केली जात नाही. हर्मन यांनी सांगितलेल्या सावरण्याच्या तीन टप्प्यांत आठवणे आणि शोक करणे हा दुसरा टप्पा आहे. त्याआधी सुरक्षितता यावी लागते आणि त्यानंतर माणसांत पुन्हा मिसळणे येते. जी स्त्री अजून अत्याचार करणाऱ्याच्याच छताखाली राहते आहे, तिच्याकडून तपशीलवार आठवणी काढून घेणे हा उपचार नव्हे.

दडपलेल्या आठवणींचा वाद काय होता?

१९९० च्या दशकात, विशेषतः अमेरिकेत, उपचारांच्या काळात बालपणीच्या शोषणाच्या आठवणी परत आल्याची अनेक प्रकरणे पुढे आली आणि त्यांच्या खरेपणावरून मानसशास्त्रज्ञांत उभी फूट पडली. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी दाखवले की, न घडलेल्या घटनेची आठवणही सूचनेने काही लोकांच्या मनात रुजवता येते. दुसऱ्या बाजूला, शोषणाची आठवण दीर्घकाळ लोपून नंतर परत येऊ शकते, याचेही पुरावे होते. या दोन्ही गोष्टी शक्य आहेत, इतके दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांच्या संयुक्त गटाने अखेर मान्य केले. स्त्रीवादी उपचारकांनी यातून घ्यायचा धडा रोखठोक आहे : समोरच्या व्यक्तीवर विश्वास ठेवणे आणि तिच्या तोंडी आठवण घालणे यांत अंतर आहे, आणि सूचक प्रश्न विचारणारा उपचारक तिच्यावर अन्यायच करतो.

समाज बदलत असताना स्वओळखीचे नेमके काय होते?

समाज बदलतो तेव्हा सगळे एकाच वेगाने बदलत नाही. अ‍ॅलिस ईगली आणि सहकाऱ्यांनी १९४६ ते २०१८ या काळातील अमेरिकन जनमत चाचण्या एकत्र पाहिल्या. स्त्रिया पुरुषांइतक्याच कर्तबगार असतात असे मानणाऱ्यांचे प्रमाण या काळात लक्षणीय वाढले. पण त्याच काळात स्त्रिया अधिक प्रेमळ आणि संवेदनशील असतात ही समजूतही वाढतच गेली, आणि महत्त्वाकांक्षा व धडाडी पुरुषांकडे अधिक असते हे मत जवळपास जागचे हलले नाही. नव्या अपेक्षा जुन्यांच्या जागी येण्याऐवजी त्यांच्या डोक्यावर येऊन बसतात. स्त्रीने आता कमवायचेही आहे आणि घरातल्या प्रत्येकाचे मनही सांभाळायचे आहे. यातून येणारी ओढाताण तिला स्वतःचीच कमतरता वाटते, कारण ती ज्या बदलातून आली तो बदल प्रगती म्हणून साजरा झालेला असतो.

युद्ध किंवा हुकूमशाहीनंतरच्या समाजांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपल्यावर सत्य आणि सलोखा आयोगाच्या जाहीर सुनावण्या १९९६ मध्ये सुरू झाल्या. साक्ष द्यायला स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या, पण त्यांतील बहुतेक जणी मारल्या गेलेल्या मुलांविषयी, पतींविषयी आणि भावांविषयी बोलत होत्या. स्वतःच्या छळाविषयी फार थोड्या जणी बोलल्या. स्त्रीवादी अभ्यासकांनी हे आयोगाच्या नजरेस आणून दिल्यावर १९९६ आणि १९९७ मध्ये स्त्रियांसाठी खास सुनावण्या घेण्यात आल्या आणि १९९८ च्या अहवालात स्त्रियांवर स्वतंत्र प्रकरण आले.

येथे दोन अर्थ पुढे येतात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. एक असा की, आई, पत्नी, बहीण याच ओळखीतून बोलण्याची मुभा समाजाने दिलेली असल्यामुळे ‘मी’ म्हणून बोलण्याची जागाच या स्त्रियांना नव्हती. दुसरा अर्थ मानववंशशास्त्रज्ञ फिओना रॉस यांच्या लेखनातून पुढे येतो : या साक्षींत घर कसे चालवले, पोलिसांना कसे चुकवले, प्रेत कसे शोधले, याचे जे तपशील आहेत तेच त्यांच्या स्वतःच्या कर्तेपणाचे निवेदन आहे, आणि फक्त लैंगिक हिंसेच्या कबुलीची वाट पाहणारा ऐकणारा ते गमावतो. मला दुसरा अर्थ अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो बोलणारीला दोष न देता ऐकणाऱ्यालाच तपासतो. परिस्थिती मात्र दोन्हींतून एकच दिसते : नवी राज्यघटना येते, पण आपले दुःख कोणत्या नात्याने सांगायचे याचे जुने नियम लगेच जात नाहीत.

संशोधनात सहभागी होणाऱ्या स्त्रिया फक्त माहिती पुरवतात का?

पारंपरिक पद्धतीत तसेच होते. सहभागी कृतिसंशोधन, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्यांनाच संशोधनात सहकारी करून घेण्याची पद्धत, ही चौकट बदलू पाहते. याचे फार विचारपूर्वक झालेले काम ग्वाटेमालात दिसते. तिथल्या १९६० ते १९९६ या काळातील अंतर्गत युद्धात दोन लाखांहून अधिक लोक मारले गेले किंवा बेपत्ता झाले आणि त्यांत माया या मूळनिवासी समाजातील लोक फार मोठ्या संख्येने होते. मानसशास्त्रज्ञ ब्रिंटन लाइक्स यांनी चाहुल या डोंगराळ गावातील माया स्त्रियांबरोबर काम करताना कॅमेरे त्या स्त्रियांच्याच हाती दिले. कशाचा फोटो काढायचा, त्याबद्दल काय सांगायचे, कोणते फोटो बाहेरच्या जगाला दाखवायचे, हे त्यांनी एकत्र बसून ठरवले आणि त्यातून २००० साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. विधवांचे, बीजवाईचे, नव्याने बांधलेल्या घरांचे फोटो पाहून बोलताना युद्धाचे बोलणे निघे, पण युद्धाबरोबरच गरिबी, जमीन आणि मुलींचे शिक्षण हेही निघे. आघात हा त्यांच्या जगण्याचा एक धागा होता. प्रश्नावलीने त्याला एकटा उपटून काढला असता.

याच देशात २०१६ मध्ये सेपूर झार्को प्रकरणी, म्हणजे युद्धकाळात त्या गावातील लष्करी तळावर स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या खटल्यात, न्यायालयाने दोन माजी लष्करी व्यक्तींना लैंगिक गुलामगिरीसह मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवले. साक्ष देणाऱ्या वयस्कर स्त्रिया चेहरा शालीने झाकून न्यायालयात बसत. युद्धातील हिंसेतून वाचलेल्या ५४ माया स्त्रियांबरोबर अ‍ॅलिसन क्रॉस्बी आणि लाइक्स यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासात या स्त्रिया आपल्या लढ्याच्या कर्त्या म्हणून समोर येतात आणि न्यायालयाचा निकाल, भरपाई आणि मनाची भरपाई या तीन वेगवेगळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट दिसते.

मुलाखतींवर आधारलेले संशोधन म्हणजे केवळ हकिगती गोळा करणे नव्हे का?

काटेकोरपणा मुलाखतीतही असू शकतो. एक पद्धत जवळून पाहू. गिलिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या श्रवणपद्धतीत एकच मुलाखत अनेकदा, दर वेळी वेगळ्या गोष्टीकडे लक्ष देऊन वाचली जाते. त्यातल्या एका वाचनात ‘मी’ असलेली वाक्ये तेवढी मूळ क्रमाने वेगळी काढून एकाखाली एक मांडली जातात. समजा, एखाद्या मुलाखतीतून अशा ओळी मिळाल्या : ‘मला कळत होतं / मी उठले / मी दाराशी गेले / मला वाटलं ओरडावं / आपण काय करणार / आपल्याला सवय असते.’ चौथ्या ओळीनंतर ‘मी’ नाहीसा होऊन ‘आपण’ आला आहे. संशोधक लगेच निष्कर्ष काढत नाही. पूर्ण मुलाखतीत हे वळण आणखी कुठे येते, कोणाचा उल्लेख झाल्यावर येते, आनंदाच्या आठवणीतही येते का, हे तो तपासतो. शिवाय ऐकताना स्वतःच्या मनात काय उमटले याची नोंदही पहिल्या वाचनात करावी लागते, म्हणजे संशोधकाचे पूर्वग्रह लपून राहत नाहीत. संख्यात्मक पाहणी ‘किती जणींच्या बाबतीत’ हे सांगते आणि असे वाचन ‘कसे’ हे सांगते. या क्षेत्राला दोन्हींची गरज आहे.

‘इंटरसेक्शनॅलिटी’ म्हणजे काय? पाश्चात्त्य सिद्धान्त इतर समाजांना लागू पडतात का?

किंबर्ले क्रेनशॉ या कायदेतज्ज्ञांनी १९८९ मध्ये ही संकल्पना मांडली. कृष्णवर्णीय स्त्रियांनी नोकरीतील भेदभावाविरुद्ध दावा केला, तर न्यायालय वर्णभेद वेगळा आणि लिंगभेद वेगळा तपासते आणि दोन्हींच्या छेदावर असलेला अन्याय त्याला दिसतच नाही, असे त्यांनी दाखवले. मानसशास्त्रात याचा अर्थ असा की, ‘स्त्रिया’ असा एकच गट धरून काढलेली सरासरी बहुधा त्यातील सुस्थित स्त्रियांचीच असते.

लागू पडण्याच्या प्रश्नावर चंद्रा तळपदे मोहंती यांनी १९८४ मध्येच इशारा दिला होता की, पाश्चात्त्य स्त्रीवादी लेखनात ‘तिसऱ्या जगातील स्त्री’ ही एकसाची, कायम पीडित अशी रंगवली जाते. जेफ्री अर्नेट यांनी २००८ मध्ये मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांची छाननी केली, तेव्हा अभ्यासलेल्या नमुन्यांपैकी ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. पीटीएसडीचे निदान युद्धग्रस्त समाजांवर सरसकट लादल्याने लोकांचे राजकीय दुःख वैद्यकीय होऊन बसते, ही डेरेक समरफील्ड यांची टीकाही गंभीरपणे घ्यायला हवी. तरी निदान पूर्णपणे टाकून द्यावे, असे मला वाटत नाही. ज्या व्यक्तीला झोप येत नाही तिला त्या रात्रीपुरती मदत हवीच असते.

पुरुष आणि लैंगिक अल्पसंख्य यांना या अभ्यासात स्थान आहे का?

आहे. जोसेफ प्लेक यांनी १९८१ मध्ये पुरुषत्वाच्या परस्परविरोधी अपेक्षांमुळे पुरुषांवर येणाऱ्या ताणाचा सिद्धान्त मांडला, आणि वर दिलेला ६५ टक्क्यांचा आकडा पुरुषांच्या न बोललेल्या वेदनेविषयीच आहे. समलिंगी व्यक्तींच्या बाबतीत सततच्या कलंकातून येणाऱ्या ताणाची मांडणी व्हर्जिनिया ब्रुक्स यांनी १९८१ मध्ये आणि पुढे इलान मेयर यांनी २००३ मध्ये केली. डीएसएममधून समलैंगिकता १९७३ मध्ये वगळली गेली आणि आयसीडी-११ ने ट्रान्स ओळख मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली.

अशा संशोधनात सुरक्षिततेची काळजी कशी घेतली जाते?

घरगुती हिंसेच्या संशोधनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे आजही वापरली जातात. एका घरातून एकाच स्त्रीची मुलाखत घ्यायची, म्हणजे काय विचारले हे घरातल्या दुसऱ्या कोणाला कळू नये. पाहणीचे नाव जाहीर करताना हिंसेचा उल्लेख टाळायचा. मुलाखत एकांतात घ्यायची, आणि मध्येच कोणी आले तर आरोग्याच्या किंवा आहाराच्या साध्या प्रश्नांची दुसरी प्रश्नावली काढून संभाषण तिकडे वळवायचे. हे होणार आहे, हे त्या स्त्रीला आधीच सांगून ठेवायचे. मदत कुठे मिळेल याची माहिती तिला द्यायची, पण छापील कागद घरी सापडला तर धोका असेल तेव्हा तो द्यायचा नाही. संमती एकदाच घेऊन भागत नाही. अवघड प्रश्नांच्या आधी पुन्हा विचारावे लागते, आणि मुलाखत कोणत्याही क्षणी थांबवण्याचा अधिकार तिच्याकडेच राहतो.

संशोधकांवर आणि समुपदेशकांवर याचा परिणाम होतो का?

होतो. लिसा मॅकॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन यांनी १९९० मध्ये दाखवले की, आघाताच्या कहाण्या सतत ऐकणाऱ्यांची जगाविषयीची, सुरक्षिततेविषयीची आणि माणसांवरच्या भरवशाविषयीची धारणा हळूहळू बदलत जाते. मुलाखतींचे लिप्यंतर करणाऱ्या, म्हणजे ध्वनिमुद्रण ऐकून ते लिहून काढणाऱ्या, साहाय्यकांकडे याबाबत सर्वाधिक दुर्लक्ष होते : ते एकटे बसून, तेच वाक्य मागे-पुढे करून अनेकदा ऐकतात, आणि समोरच्या व्यक्तीला धीर देण्याची संधीही त्यांना नसते. प्रकल्पाचा आराखडा बनवतानाच दिवसातल्या मुलाखतींची मर्यादा, नियमित पर्यवेक्षण, गटात बोलण्याची ठरलेली वेळ आणि लिप्यंतर करणाऱ्यांसाठी समुपदेशन यांची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र रकाना करून लिहावी. निधी देणाऱ्या संस्थेने त्याचे कारण विचारले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच तत्त्वांत संशोधक-गटाच्या आधाराची अट आहे, हे दाखवता येते.